पाच पोफळी

सुचिताने शोधत शोधत वाडीत पाऊल टाकलं तेव्हा तिचे बाबा पोफळीच्या निम्म्यावर पोचले होते.

खाली वाडीतल्या सुपाऱ्या उतरवणारा सदा उभा होता. पायात अडकवायचा फास, दोर आणि कोयता झाडाशी ठेवून तो चहा प्यायला गेला होता. तेवढ्यात तिच्या बाबांनी, मोरूदादांनी, सगळं उचललं होतं. वाडीचे मालक हर्षद फोनवर कुणाला तरी शिडीची गाडी पाठवायला सांगत होते. अलिबागहून नांदगावला यायला गाडीला तास तरी लागणार होता.

"बाबा..." सुचिताचा आवाज चढायच्या आत सदाने तिचा दंड धरला.

"हाक मारू नको. दचकतील."

"मग तू चढ ना!"

"एका पोफळीवर दोघं गेलो तर शेंडा मोडंल." सदाची नजर वरून हलत नव्हती. "आनि मी चढून काय करू, ताई? मला चढायला त्यांनीच शिकवलंय."

मोरूदादा एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी या भागातल्या वाड्यांमधल्या सुपाऱ्या उतरवल्या. त्यावर घर चाललं, त्यावर सुचिताचं शिक्षण झालं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. आज सकाळी सुचितानेच त्यांच्या शर्टाची बटणं लावली होती. तेवढ्या वेळात त्यांनी तिला दोनदा विचारलं होतं, "तुम्ही कोणाच्या?"

आणि आता ते चढत होते. हात वर, पाय वर, पुन्हा हात. घाई नाही, थांबणं नाही. शेंड्याला पोचल्यावर त्यांनी मांडी झाडाला आवळली, कोयता काढला आणि एकाच घावात पिकल्या सुपारीचा घड मोकळा केला. दोराचं टोक खाली आलं.

"दोर धर गं, कोकिळा!"

सुचिताने वर पाहिलं. कोकिळा तिची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग तिने पुढे होऊन टोक धरलं, आई धरायची तसं लांब जाऊन ताणून धरलं. "धरला. सोडा!"

घड दोरावरून घसरत तिच्या पायाशी आला. एकही सुपारी निखळली नव्हती.

वर पोफळ हलायला लागली. आधी थोडी, मग खूप. हर्षद फोनवर बोलायचे थांबले. मोरूदादा अंगाच्या झोक्याने अख्खं झाड पुढेमागे झुलवत होते. तिसऱ्या झोक्याला त्यांनी हात लांब करून शेजारच्या पोफळीचा शेंडा धरला आणि या झाडावरून त्या झाडावर गेले. सुटलेली पोफळ कितीतरी वेळ एकटीच हलत राहिली.

"बाप रे," सदा पुटपुटला. "मी दर झाडाला खाली उतरतो, ताई. आता असं कोनी करत न्हाय. कोनाला येतच न्हाय."

दुसरी झाली. तिसरी झाली. सुचिताला दोर धरून धरून हाताला रग लागली, पण मघाची भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही. लहानपणी या वेळी ती शाळेत असायची. बाबा काय काम करतात ते तिला माहीत होतं. ते असं असतं हे ती आज पहिल्यांदा बघत होती.

ओळीतल्या पाचांपैकी चौथ्या शेंड्यावर ते थांबले.

कोयता हातात तसाच राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, मग खाली. चेहरा इतक्या लांबून दिसत नव्हता, पण मानेचं ते वळणं सुचिता ओळखत होती. घरात उंबऱ्यावर उभे राहून, आत जायचं की बाहेर, हे न सुचल्यावर ते असेच बघायचे.

सदाने डोळे मिटून घेतले.

सुचिताने दोराला हलकासा हिसका दिला. "अवं!" ती आईच्या सुरात म्हणाली, "झोपलात काय? एकच राहिली."

वर थोडा वेळ काहीच हललं नाही.

"व्हय व्हय," वरून आवाज आला. कोयता चालला. घड खाली आला. मग आवाज जरा हळू झाला, "पोरगी शाळेत गेली?"

"गेली."

"तिला सांगू नको मी वर हाय. घाबरते ती."

"न्हाय सांगत," सुचिता म्हणाली.

पाचव्या पोफळीवरून ते सरळ खाली उतरले. पाय जमिनीला लागले तेव्हा घोट्यांजवळ सोलून रक्त आलं होतं. सदाने धावत जाऊन त्यांच्या हातातला कोयता घेतला. हर्षदनी पाण्याचा तांब्या आणला. सुचिताने बाबांना बांधावर बसवलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

समोर सुपारीचे घड पडले होते. मोरूदादा त्यांच्याकडे बघत राहिले.

"हे कोनी उतरवलं?"

सुचिताने वर बोट दाखवलं.

त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि मान मागे टाकून शेंड्यांकडे पाहिलं. पाचही पोफळींवरून नजर फिरवली. तोंड उघडंच राहिलं.

"खाली न येता? एवढ्या वरनं?"

"हो."

"हात चांगला हाय गड्याचा." ते बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी काळजीने विचारलं, "उतरला ना नीट?"

"उतरला, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि ओठाशी नेलेला तांब्या तिच्यापुढे धरला.

"मग आधी त्याला दे. दमला असंल."