लांबलेली प्रार्थना

मतदानाच्या दिवशी गिरणीमालकाची माणसं काठ्या घेऊन पुलावर उभी होती, कारण गिरणीतल्या बायका त्याच्या विरोधात मत देणार होत्या. बायकांच्या पुढे म्हातारे धर्मगुरू होते. मत देणं हीसुद्धा भक्तीच, हे त्यांचंच सांगणं. "बाबा, माघारी फिरा," त्या माणसांचा मुकादम गुरकावला. "फिरतो की. आधी प्रार्थना. लहानपणी शिकवलीय ना? डोळे मीट." मुकादमानं सवयीनं डोळे मिटले, बाकीच्यांनीही. धर्मगुरूंनी पाठीमागे खूण केली. बायका चपला हातात घेऊन पूल ओलांडू लागल्या. प्रार्थना लांबतच गेली. देवाकडे शहाणपण मागून झालं, मुकादमाच्या दाढदुखीवर उतारही. मुकादमानं हळूच एक डोळा उघडला. समोर त्याची आई थबकली. त्यानं डोळा पुन्हा मिटला. "बाबा, सावकाश म्हणा," तो पुटपुटला. "आईला पुलाचा चढ झेपत नाही." धर्मगुरूंचा जीव भांड्यात पडला आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू झाली.