हे नाव आधीच घेतलेलं आहे

ग्लेनिस पुन्हा हसली आणि नेव्हिलच्या घशात टोस्टचा घास अडकला. त्याची बायको त्याच्याकडे बघून हसली नव्हती, हातातल्या टॅबकडे बघून हसली होती. असं खळखळून हसणं त्या घरात कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं. आता ते रोज सकाळी ऐकावं लागत होतं.

"काय झालं गं?" एवढं तरी विचारावं, असं त्याला वाटलं. पण त्याचे शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. त्याने डबा उचलला आणि तो कामावर गेला.

टोमॅटो लावणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट होता. देशभरातले लोक तिथे रोपांचे फोटो टाकत आणि एकमेकांची टर उडवत. ग्लेनिसचं तिथलं नाव होतं गोगलगाय. घरात मात्र ती एका जागी टेकत नसे.

एकदा ती मागे कपडे वाळत घालायला गेली आणि टॅब उघडाच राहिला. नेव्हिलने वाचलं.

'आज काय म्हणाला गं बडबड्या?' कुणीतरी विचारलं होतं.

'काय सांगू!' गोगलगायने लिहिलं होतं. 'माझ्या टोमॅटोची इतकी तारीफ केली की कान किटले. संध्याकाळभर नुसत्या गप्पा! शेवटी मीच म्हटलं, पुरे कर बाबा आता.'

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

नेव्हिलच्या अंगाची लाही लाही झाली. संध्याकाळभर तो स्वतः तिच्या समोरच्या खुर्चीत बसून क्रिकेट बघत होता. म्हणजे त्याच्या नाकावर टिच्चून ही बया मांडीवरच्या टॅबमधून त्या बडबड्याशी बोलत होती! तो बडबड्या त्याला डोळ्यांसमोर दिसायलाही लागला. दाट चंदेरी केस, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडात सतत काहीतरी गोड. त्या दिवसापासून नेव्हिलला टोमॅटोंचाही राग येऊ लागला. तिने कापून वाढलेल्या फोडी तो ताटाच्या कडेला सारायचा. ती ते बघायची आणि टॅब उचलायची.

"तोंड का पाडलंयस रे?" चहाच्या सुट्टीत निळ्याने विचारलं. लालभडक केसांचा हा निळ्या नेव्हिलबरोबर लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. त्याचं खरं नाव गिरणीत कुणाला आठवत नव्हतं.

"एक माणूस आहे," नेव्हिल म्हणाला. "ग्लेनिसशी बोलतो."

"मग तूही बोल की लेका."

"काय बोलू?"

"मला काय विचारतोस? माझी दोनदा पळाली! पण तुझ्या जागी असतो ना, तर आधी तो कोण ते शोधून काढलं असतं."

शनिवारी ग्लेनिस बहिणीकडे गेली. नेव्हिलने स्वयंपाकघरात बसून फोनवर तो गट उघडला. सदस्यांमध्ये त्याने बडबड्याला शोधलं. तो नव्हताच. लबाड कुठेतरी लपून बसला होता. आता आत शिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पण तिथे आपलं नाव आपण ठेवायचं नाही, अशी रीत होती. नव्या सदस्याने स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या, मग जुनी मंडळी त्याचं बारसं करणार. नेव्हिलने लिहिलं, 'मी सुतार आहे. टोमॅटोतलं काही कळत नाही. फारसा बोलत नाही.' सुतारकी सोडली तर बाकी खरं होतं.

'आला रे आला, नवा बकरा आला!'

'टोमॅटोतलं कळत नाही? मग पंडित ठेवू या.'

'पंडित आहे की आपल्याकडे. महिनाभर प्लास्टिकच्या रोपाला पाणी घालणारा!'

मग ठेंगू आला. फोटोत त्याचं डोकं शेडच्या छपराला टेकलं होतं. 'बोलत नाही म्हणतो, म्हणजे याला खरं तर बडबड्याच म्हणायला हवं,' त्याने लिहिलं. 'पण भाऊ, ते नाव आधीच घेतलेलं आहे. आपल्या गोगलगायच्या नवऱ्याचं आहे ते.'

नेव्हिल फोनकडे बघत राहिला. लाल केसांच्या माणसाला तो वर्षानुवर्षं निळ्या म्हणत आला होता, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नव्हती. कान किटले. संध्याकाळभर गप्पा. पुरे कर बाबा. एकेक शब्द त्याने उलटा करून वाचला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात खाली नवी ओळ आली. गोगलगायची.

'देऊन टाका त्याला ते नाव. माझा बडबड्या कुठे मागायला येणार आहे!'

नेव्हिलने घाईघाईने टाइप केलं, 'नको. ते त्याचंच राहू द्या.' मग फोन ठेवला, परसात गेला, दोन पिकलेले टोमॅटो तोडून आणले आणि कापले.

ग्लेनिस आली ती पर्स टांगत, किटली लावत, खिडकी उघडत. टेबलाशी नेव्हिल टोमॅटो खात होता.

"गोड झालेत," तो म्हणाला.

तिचा हात खिडकीवरच राहिला.

शब्द पुन्हा माघारी निघाले होते. त्याने नेटाने अडवले. "सालही पातळ आहे. मागच्या वर्षी जाड होती. मला तेव्हाच म्हणायचं होतं."

"पुरे कर रे नेव्ह, कान किटले माझे," ग्लेनिस म्हणाली, आणि पुढचं ऐकायला त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली.