आपली रेघ वर!

कोरिया आपल्या कमाईतला केवढा मोठा वाटा रस्ते, पूल, कारखाने उभारण्यात घालतो आणि जपान त्यात कसा मागे पडत गेला, यावर आज कोरियातल्याच एका शाळेत हारिमचं वक्तृत्व स्पर्धेतलं अंतिम फेरीचं भाषण होतं. तिच्या आलेखात कोरियाची रेघ जपानच्या चांगली वर होती, त्यामुळे स्वारी सकाळपासून हवेतच!

पण डिसेंबर लागला होता ना. वर्ष संपत आलं की उरलेला निधी खर्ची टाकायला पालिका धडधाकट फूटपाथ उखडते, तसा तिच्या गल्लीतला यंदाही उखडला होता. बस पकडायला धावताना हारिम त्यात अशी काही आपटली, की पाय गेला प्लास्टरमध्ये आणि भाषण गेलं खड्ड्यात.

"आई, मागच्याच डिसेंबरात बसवल्या होत्या गं त्या फरश्या! काय वाईट होतं त्यांत?" दवाखान्यात ती रडून रडून लाल झाली.

मैत्रीण सोल्ही तिचा आलेख घेऊन भेटायला आली होती. तिने तो उलगडून नीट न्याहाळला.

"यात फूटपाथचा खर्चही धरतात ना गं?"

"धरतात. का?"



"मग रडतेस काय, रडूबाई? पुढच्या वर्षी आपली रेघ आणखी वर!"