डोक्याचा दुसरा फोटो

"आज शुं वार छे, काका?" डॉक्टरनं भटूच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"मंगळवार."

"गाव?"

"पारोळा. आता डिंडोली."

"आणि ही कोण?"

"मनी बायको. उज्ज्वला."

सगळं बरोबर. डॉक्टरनं बोटं धरली, भटूनं मोजली. दात आवळायला सांगितले, भटूनं आवळले. वरचा ओठ बधीर होता, डावा डोळा सुजून पार बंद. पण माणूस शुद्धीत होता आणि शहाण्यासारखं बोलत होता. डॉक्टरनं बॅटरी खिशात टाकली. "चला बेन, संध्याकाळी घरी."

"साहेब, डोक्याचा फोटो परत काढा ना," उज्ज्वला म्हणाली.

डॉक्टर सुरतचाच पोरगा. मराठी चांगली बोलायचा, मधूनच गुजराती. आदल्या दिवसापासून तो झोपलेला नव्हता, डोळे पेशंटपेक्षा लाल झालेले. "बेन, फोटो सकाळीच काढला. गालाचं हाड तडकलंय, सूज उतरली की बोलवू, प्लेट बसवू. मेंदूत काही नाही."

"पण तुम्हीच बोलले ना, रक्त मागून पण उतरतं म्हणून."

"उतरतं. उलटी झाली?"

"नाही."

"झोपेत जातो? बडबडतो?"

"नाही. पण ते... वेगळे बोलतात."

"वेगळं म्हणजे?"

उज्ज्वलानं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. धुरपदाबाई लेकाच्या पायाशी बसून कान टवकारून ऐकत होती. भटूच्या उशाशी हर्षदा, उज्ज्वलाची पोरगी, बापाला पाणी पाजत होती. उज्ज्वलानं पदर गालावर पुढे ओढला.

"बाहेर तीन अ‍ॅक्सिडेंटवाले पडलेत, बेन," डॉक्टर म्हणाला. "मला खाट पाहिजे." आणि गेला.

भटू पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कामाला. सकाळी वरून कापडाचा रोल सुटला तो थेट त्याच्या तोंडावर. मिलमधल्या पोरांनी रिक्षात घालून आणलं. उज्ज्वला तशीच धावत आली, भाकर तव्यावरच सोडून. तेव्हापासून ती पायावर उभी. हा कागद इथे दे, ती बाटली तिथून आण, लाईनीत उभी राहा, पुन्हा त्याच लाईनीत उभी राहा. पिंडऱ्यांत गोळे आलेले.

आणि भटू? अहो, वॉर्डभर त्याचंच नाव! झाडूवाल्या बाईला म्हणाला, "ताई, सावकाश, ओलं आहे." सुई टोचणाऱ्या सिस्टरला थँक्यू म्हणाला. बिस्किटाचा पुडा आला तर आधी धुरपदाबाईच्या लेकाला दिला. हर्षदा सकाळी दाराशीच उभी राहिली होती, आत येईना. आता ती त्याच्या खांद्याला टेकून शाळेतल्या गमती सांगत होती, आणि तो ऐकत होता. नुसता ऐकत होता!

"बाई, नशीब काढलंस," धुरपदाबाई म्हणाली. "माझा म्हातारा इथे असता तर अख्ख्या वॉर्डाची आयबहीण काढली असती. तुझा तर नुसता गूळ आहे गूळ!"

"हो," उज्ज्वला म्हणाली.

"मग तोंड का असं? हस की जरा."

भटू खाटेवर बाजूला सरकला. त्यानं जागा थोपटली. "ये ना, वर बस. थकी गयी व्हशी."

उज्ज्वला खाटेच्या कडेला टेकली. अगदी कडेला, उठता येईल अशी.

भटूनं हात वर केला. उज्ज्वलानं डोळे मिटले.

हात हळू आला. तिच्या डाव्या गालावर थांबला, डोळ्याच्या खाली, जिथे हाड जरा आत बसलंय तिथे. त्यानं तिथून अंगठा फिरवला.

"हाई कसं लागनं तुले?" त्यानं विचारलं. त्याच्या उघड्या डोळ्यात पाणी होतं.

"बघा!" धुरपदाबाईचा आवाज भरून आला. "स्वतःचं थोबाड फुटलंय, आणि काळजी बायकोच्या गालाची!"

उज्ज्वलानं हात झटकला नाही. हात गरम होता. तिला वाटलं, मान अशीच कलती करावी आणि झोपावं. नाहीतरी डॉक्टर सुट्टी देतोयच. रिक्षात बसायचं, डिंडोलीला उतरायचं, दार लावून घ्यायचं. घरी असं बोलणारं माणूस असेल. कोणाला काय सांगायची गरज आहे?

ती तशीच बसली. बराच वेळ बसली.

मग तिनं तो हात उचलला, चादरीवर ठेवला आणि उठली.

डॉक्टर टेबलावर सुट्टीचा कागदच लिहीत होता. मागून हर्षदा धावत आली. "आई, चल ना गं, पप्पा बोलावतात. पप्पा आता चांगले आहेत ना!"

"बेन, आता काय?" डॉक्टरनं वर पाहिलं.

उज्ज्वलानं पदर मागे सारला आणि डावा गाल ट्यूबलाईटकडे केला. डॉक्टरचं पेन थांबलं. दिवसभर तेच काम केल्यासारखी त्याची बोटं आपोआप तिच्या हाडावर गेली. वरून खाली, मग दुसऱ्या बाजूला.

"जुनं आहे," तो म्हणाला. "मोडलं होतं. वाकडंच जुळलंय. कुठे पडलात?"

उज्ज्वलानं हर्षदाकडे पाहिलं नाही.

"फोटो परत काढा, साहेब. हे त्यांनीच मोडलंय. आणि आज मलाच विचारतात, हे कसं लागलं."