डावा खांदा

लष्करी अकादमीतला माझा सोबती तेविता, त्याच्या बेटाएवढ्या देशात रेल्वे नाही, विमान आठवड्यातून एकदा येतं आणि अख्खं सैन्य जेमतेम सहाशे. तरी हा पठ्ठ्या धावण्यात, नेमबाजीत मला मागे टाकायचा. वर हसत सांगायचा, "घरी गेलो की दहा वर्षांत सेनापती!" तोवर मी फार तर मेजर. माझा जळफळाट व्हायचा.

आज आम्ही अधिकारी झालो. संचलन संपलं की घरचे खांद्यांवर तारे चढवतात. त्याचं घर समुद्रापार, म्हणून त्यांचे राजदूत येणार होते. पण त्या देशाला एकच राजदूत पाच ठिकाणी पुरवावा लागतो. ते दुसरीकडेच अडकले. तेविता तारे मुठीत धरून उभा होता. मला बरं वाटलं.

बाबांनी माझा उजवा खांदा सजवला. डावा आईचा होता. पण ती तरातरा त्याच्याकडे गेली. तो ताडमाड गडी तिच्यापुढे गुडघ्यांत वाकला. तिने तारे लावले, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"कुणाची दृष्ट न लागो माझ्या लेकराला!"

एवढ्या गर्दीत त्याच्याकडे तसल्या डोळ्यांनी बघणारा मी एकटाच होतो, डावा खांदा पुढे करून.