क्लाइव्हच्या सुपरची वाटणी

"अर्ध्यावर माझी बोळवण करू नका," ग्लेनिस म्हणाली. "मला पाऊण हिस्सा हवाय."

मध्यस्थ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनमधल्या त्यांच्या ऑफिसात घटस्फोट घेणारे नवरा-बायको घराची, गाडीची वाटणी एक वेळ हसत करायचे. घोडं अडायचं ते सुपरवर. नोकरीभर पगाराबरोबर साठत गेलेला म्हातारपणाचा पैसा तो. त्यावर पाणी सोडायला कोण तयार होणार?

"पण हे पैसे क्लाइव्हच्या नोकरीतून साठलेत," बाई म्हणाल्या. "पाऊण कशाबद्दल?"

"तो नोकरीवर जायचा म्हणजे समुद्रावर. महिना महिना. मागे याची आई अंथरुणाला खिळलेली. नऊ वर्षं तिचं हगणं-मुतणं कुणी काढलं? मी. त्यासाठी मासळीच्या कारखान्यातली माझी नोकरी सोडली. माझ्या सुपरमध्ये त्या वर्षांत कुणी एक डॉलर तरी भरला का? आणि हा! बंदराला लागला की आधी पब, मग घर. आई गेली तेव्हा मी फोन केला, तर म्हणतो, मासा चांगला लागलाय, दोन दिवसांनी येतो. एकटीने पुरलं मी त्याच्या आईला."

ऐकणाऱ्याचं पित्त खवळावं अशीच गोष्ट होती. बाईंनी क्लाइव्हकडे रागाने पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"देऊन टाका," तो म्हणाला. "पाऊण तर पाऊण."

"एकदा वकिलाशी बोला."

"बोललोय. कुठे सही करू?"

गाडीत बसून काचा वर केल्यावर मात्र क्लाइव्हला हसू आवरेना.

"अगं, काय बोललीस! नाटक कंपनीत जायला हवं होतंस तू."

ग्लेनिसने गाडी सुरू केली. "पट्टा लाव," एवढंच म्हणाली.

बेत क्लाइव्हचा होता. नोकरी सोडून त्याने कर्जावर स्वतःची बोट घेतली आणि दुसऱ्याच हंगामात तिचं इंजिन बसलं. बँकेने नवीन कर्जाला नकार दिला. सुपरमध्ये भरपूर पैसे होते, पण क्लाइव्ह सत्तावन्न वर्षांचा. साठीच्या आत त्याला हात लावता येत नव्हता. ग्लेनिस बासष्ट वर्षांची. वाटणीत तिच्याकडे जे येईल ते ती दुसऱ्या दिवशी काढू शकत होती.

"माझाच पैसा, आणि तो काढायला मलाच बायको सोडावी लागतेय! काय न्याय आहे का हा?" क्लाइव्ह रोज चडफडायचा.

ग्लेनिसने आधी साफ नाही म्हटलं होतं. कोर्टापुढे आपण खोटी शपथ घेणार नाही म्हणाली. मग काही दिवस गेले. एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, "ठीक आहे. पण करायचं तर नीट करायचं."

एका छपराखाली राहूनही नवरा-बायको वेगळे झालेले असू शकतात, हे तिथला कायदा मानतो. फक्त तसं सांगणारं कुणीतरी लागतं. शेजारची डॅफ्नी चर्चला जाणारी, सरळमार्गी बाई. ती साक्ष देणार होती, म्हणून ग्लेनिसने क्लाइव्हचं अंथरूण मागच्या शेडमध्ये टाकलं. फ्रिजमधला खालचा कप्पा त्याचा. त्याचं जेवण त्याने करायचं, त्याचे कपडे त्याने धुवायचे.

"माझं सॉसेज कुणी तळलं हे कोर्ट हुंगायला येणार आहे का?" क्लाइव्ह कुरकुरला.

"डॅफ्नीला विचारतील," ग्लेनिस म्हणाली, आणि स्वतःपुरता चहा ओतून बाहेर गेली.

आख्खा हिवाळा क्लाइव्हने शेडमध्ये कुडकुडत काढला. बायको समोरून आली तरी बोलायची नाही. तिच्या चिकाटीचं त्याला मनापासून कौतुक वाटायचं. एवढ्या वर्षांत ही बाई इतकी हुशार आहे हे आपल्याला कसं कळलं नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

कोर्टाचा हुकूम झाला. फंडाने पैसे वळते केले. त्या संध्याकाळी क्लाइव्ह ताजे मासे आणि वाइनची बाटली घेऊन पुढच्या दाराने घरात शिरला. ग्लेनिस कोट घालून उभी होती.

"जमा झाले?" त्याने विचारलं.

"झाले. सकाळीच."

"शाब्बास! आता ते शेड पुरे झालं. कंबर धरलीय माझी. आणि डॅफ्नी दारात गाडी घेऊन काय करतेय?"

"मला विमानतळावर सोडणार आहे. बहिणीकडे चाललेय, ॲडलेडला."

"जा की! चार दिवस मजा कर, कमावलंयस तू. फक्त जायच्या आधी इंजिनवाल्याचे पैसे पाठव."

"नाही पाठवणार."

क्लाइव्ह हसला. खिडकीकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "अगं, ती गाडीत बसलीय. इथलं तिला ऐकू जात नाही."

"मला माहितेय."

"मग पुरे की आता! काय पण वठवलंस, ग्लेन. त्या मध्यस्थ बाईचा चेहरा बघितलास? आणि माझंही ऐक, खोटं नाही सांगत. तू आईचं बोलायला लागलीस ना, तेव्हा मलासुद्धा भरून आलं."

ग्लेनिसने बॅग उचलली होती, ती पुन्हा खाली ठेवली.

"तुला भरून आलं होतं?"

"देवाशपथ."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला खरोखर नवल वाटलेलं दिसलं.

"आणि तरीही तुला ते नाटकच वाटलं?"