नळाखालचे लंगोट

सासूबाईंनी बादलीतला लंगोट उचलला, नाकाशी नेला आणि हुंगला. वास नाही. दुसरा उचलला. तोही तसाच, नुसता पाण्याने चिंब. तान्ह्या बाळाचा लंगोट आणि त्याला वास नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांनी मान वळवून पाहिलं. आतल्या खोलीत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, काही घडलंच नाही अशी.

लंगोट हा सासूबाईंचा मानाचा विषय. सून बाळंत होण्याआधीच त्यांनी जुन्या मऊ चादरी फाडून ढीगभर लंगोट शिवले होते. शूचे या बादलीत, शीचे त्या बादलीत, आधी गार पाणी, मग कढत, साबण अगदी नावाला, आणि वाळवायचे ते कडक उन्हातच. "कागदी डायपर माझ्या घरात येणार नाहीत," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. "माझी दोन्ही पोरं लंगोटावर वाढली. काही बिघडलं का त्यांचं?"

"धाकट्याचं विचारू नकोस, आई," मुलगा म्हणाला होता. पण तो कामासाठी परगावी गेला आणि घरात थट्टा करायलाही कोणी उरलं नाही.

तो गेला त्याच सुमाराला दोरी रिकामी पडायला लागली. एका कोपऱ्यात चार लंगोट, बाकी नुसते चिमटे. शेजारणीने गॅलरीतून ते बरोबर हेरलं. "तुमचं बाळ भलतंच कोरडं हो! माझी सून बघा, डायपरचं पाकीट कपाटात दडवायची. मला पत्ताच नाही." झालं. सासूबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या दुपारी जेवता जेवता त्यांनी सुनेला ऐकवलंच, "दोरी मोकळी दिसते हल्ली. बाळाने शू करायची सोडली, की तू धुवायचं सोडलंस?"

सुनेने मान खाली घातली आणि ती पानातला भात चिवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोरी गच्च भरली. चिमटे पुरेनात. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती, पण सासूबाईंना ते पचेना. काल नव्हते ते आज एवढे आले कुठून? आणि वास गेला कुठे? म्हणजे पोरगी बाळाला पाकिटातलं डायपर बांधते आणि आपल्या डोळ्यांत धूळ फेकायला कोरे लंगोट भिजवते. काय पण डोकं!

सून न्हाणीघरात गेली तशा सासूबाई तिच्या खोलीत शिरल्या. कपाट उघडलं. गादी उचलून पाहिली. सूटकेसच्या मागे हात घातला. कचऱ्याच्या डब्याचं झाकणसुद्धा उचललं, नाक मुरडत. पाकीट काही मिळेना. पक्की आहे, त्या पुटपुटल्या.

बाळ पलंगावर झोपलं होतं. एवढी खडखड झाली तरी हललं नाही. ते हल्ली झोपलेलंच असायचं. रडणं नाही, हट्ट नाही, पाजायला घेतलं तरी दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायचं. "भारी गुणी हो आमचं बाळ," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आईवर गेलं नाही, हे मनातल्या मनात.

न्हाणीघरातून नळाचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. सासूबाई पाय न वाजवता गेल्या आणि त्यांनी दार एकदम ढकललं.

सुनेच्या हातात घडी केलेला कोरा लंगोट होता. तो तिने नळाखाली धरला होता.

"सापडलीस!" सासूबाई कडाडल्या. "पाकीट कुठे ठेवलंस ते सांग आधी."

"पाकीट नाहीये, आई."

"मग ही नाटकं कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना, दोरी मोकळी दिसते." सुनेने नळ बंद केला. "म्हणून भिजवत होते. त्याने शूच केली नाही, आई. कालपासून एकदाच, तीही जराशी. मला वाटलं, आज करेल."

सासूबाई तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधत राहिल्या. आता तो सापडायला हवा होता. पाकीट तरी सापडायला हवं होतं, गादीखाली, कपाटात, कुठेही. पण सुनेच्या डोळ्यांत नुसती भीती होती, आणि ती घाबरली होती ती त्यांनाच.

त्या धावत खोलीत गेल्या. बाळाचे ओठ सुकले होते. टाळूवर हात ठेवला, तर ती खोल गेलेली. बाळाचं पोट भरतंय की नाही, ते ओल्या लंगोटावरून कळतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. दोन पोरं वाढवली होती त्यांनी. दोरी रोज ओरडून सांगत होती, की लेकराला दूध पुरत नाही. आणि त्या डबे हुंगत फिरत होत्या.

"चपला घाल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे निघायचं. आत्ताच्या आत्ता."

सुनेने पिशवी ओढली. कोऱ्या लंगोटांच्या ढिगाशी येऊन तिचा हात अडला. सवयीने तिने विचारलं, "आई, लंगोट किती घेऊ?"

सासूबाईंनी बाळाला छातीशी धरलं होतं. त्याच्या खाली त्यांचा तळहात होता, अजून कोरडाच.

"सगळे घे," त्या म्हणाल्या. "सगळे घे गं बाई. सगळे लागू देत."